मोजून पोहणारी मनी

पाठीवरच्या पोहण्यात महाराष्ट्राची चॅम्पियन असलेल्या मुलीला तोंडावर पाणी आलेलं खपायचं नाही, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थापा मारतेय. थापा कशाला मारू? आठ वर्षं मी तिच्या सोबत एकाच तलावात पोहलेय. पोहून झाल्यावर नळाखाली उभं राहायचं तर ही बाई मान मागे टाकून, डोळे घट्ट मिटून, एरंडेल पाजलेल्या मांजरीसारखा चेहरा करायची. त्या चेहऱ्यावरूनच तिला मनी हे नाव पडलं. सुनंदा हे तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटावर आणि नंतर प्रमाणपत्रांवर उरलं.

आमचा तलाव मुलुंडला, एका कारखान्याच्या कामगार वसाहतीतला. पंचवीस मीटर लांब, तळाची फरशी दोन ठिकाणी उखडलेली, आणि पाण्याला क्लोरीनचा असा वास की घरी गेल्यावर आई म्हणायची, आधी लांब उभी राहा. शिकवायला सर होते. दिवसा कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम, संध्याकाळी गळ्यात शिट्टी. मूळचे मालवणकडचे. मनी दहा वर्षांची असताना त्यांनी पहिल्या दिवशी तिला पाण्यात तोंड बुडवायला सांगितलं, तर तिने अशी किंकाळी फोडली की माळी धावत आला. सर म्हणाले, "काय गो, घराकडे आंघोळ तरी करतंस मा?" भिंतीला पाय लावून ती सरळ उताणी झाली आणि हातपाय मारत पार पलीकडच्या टोकाला गेली. तिथून ओरडली, "असं चालेल का, सर?" चालेल का म्हणजे काय! सरांनी त्या दिवशी इतर कुणाला काही शिकवलंच नाही, नुसते तिच्याकडे बघत बसले.

मनीचे वडील कारखान्यात फिटर. त्यांना सगळे अण्णा म्हणत. पहिली पाळी सुटली की डबा मांडीवर घेऊन ते कठड्यावर बसायचे. स्वतःला पोहता येत नव्हतं. पोरीच्या जातीला हे असले कपडे शोभतात का, असं कुणीतरी त्यांना एकदा हटकलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "आमच्या गावात माझ्या बापाला पाण्याला शिवू देत नव्हते. माझी पोरगी त्यात आडवी पडते. पडू दे की." मी तेव्हा बारा वर्षांची होते, मला त्या वाक्याचं वजन कळलं नाही. पुढे कळलं, आणि कळलं तेव्हा आपण काय करून बसलो होतो तेही कळलं.

मनीची दुसरी सवय मोजण्याची. पाठीवर पोहताना भिंत मागे असते, दिसत नाही. म्हणून भिंतीच्या अलीकडे पाण्यावर आडवी दोरी बांधून तिला रंगीत झेंड्या लावतात. डोक्यावरून झेंड्या गेल्या की हात मोजायचे. आमच्याकडे सात हात मारले की भिंत. मनीचं तत्त्व एकच होतं, "मोजायचं आणि हाणायचं. मागे वळून बघणारा हरतो." पुढे पुढे ती सगळंच मोजायला लागली. तिच्या इमारतीचा जिना, बसस्टॉपपर्यंतची पावलं, आईने लाटलेल्या पोळ्या. मी वैतागून म्हणायचे, "ए मने, माझ्या डोक्यावरचे केस पण मोज ना." ती म्हणायची, "मोजले असते, पण तू स्थिर बसत नाहीस."

आता माझं सांगते. मी पण पाठीवरच पोहायचे आणि कायम दुसरी यायचे. वसाहतीत दुसरी, शाळांच्या स्पर्धेत दुसरी, जिल्ह्यातही दुसरी. घरी माझे बाबा हेड क्लार्क. ते तोंडाने काही बोलायचे नाहीत, पण फिटरच्या मुलीच्या मागे राहते म्हणून त्यांचा चेहरा पडायचा, आणि तो पडलेला चेहरा बघून माझं डोकं फिरायचं. मला मनी आवडायची. तितकाच तिचा रागही यायचा. दोन्ही एकदम होतं, त्याला मी काय करू?

त्या मे महिन्यात मी मामाकडे दादरला राहायला गेले होते. त्याच्या ओळखीने तिथल्या एका मोठ्या तलावात रोज तासभर पोहायला मिळालं. पहिल्याच दिवशी झेंड्यांनंतर पाचव्या हाताला माझी बोटं भिंतीवर सडकून आपटली. नखातून रक्त आलं. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "झेंड्या भिंतीपासून पाच मीटरवरच असतात. सगळीकडे. तुमच्याकडे कुठे आहेत?" आमच्याकडे त्या दोन दिव्याच्या खांबांना बांधलेल्या होत्या. खांब जिथे होते तिथे झेंड्या, कारण सरांना नवीन खांब पुरायला कुणी परवानगी देत नव्हतं. भिंतीपासून सात मीटर तरी असतील. वसाहतीबाहेरच्या पाण्यात मनी कधी उतरलीच नव्हती. जिल्ह्याच्या स्पर्धासुद्धा आमच्याच तलावावर व्हायच्या.

मी मुलुंडला परत आले आणि कुणालाही काही सांगितलं नाही. विसरले वगैरे नव्हते हो. गप्प बसले.

दोन महिन्यांनी पुण्याला राज्य स्पर्धा होती. शंभर मीटरमध्ये पहिल्या दोघी महाराष्ट्राच्या संघात जाणार होत्या. अण्णांनी रजा टाकली होती, नवा सदरा शिवला होता. कंपनीच्या बसने निघालो आणि घाटात बसचा पट्टा तुटला. अडीच तास रस्त्याच्या कडेला बसलो. पुण्यात पोचलो तेव्हा मनीच्या प्राथमिक फेरीचा पुकारा चालू होता. सरावाला पाण्यात उतरणं दूरच, धड कपडे बदलायला वेळ नव्हता. मनी केस टोपीत कोंबत धावली. मी तिच्या मागून जाताना मनात म्हणत होते, सांग, आता सांग. नाही सांगितलं.

पन्नास मीटरचा तलाव. मनी सगळ्यांच्या पुढे होती, झेंड्यांखालून गेली, आणि मी डोळे मिटले. आवाज आला. हात आणि डोकं एकदमच भिंतीवर आदळलं होतं. गॅलरीतून अण्णा "पोरी!" म्हणून ओरडले. मनी बुडाली नाही, थांबली नाही, वळली आणि वेडीवाकडी पोहत शेवट गाठला. अंतिम फेरीला आठ जणी घेतात, ती आठवी आली.

दुपारी अंतिम फेरी होती. मनी बाकावर बसली होती, डोक्यावर लिंबाएवढं टेंगूळ, त्यावर बर्फाचं फडकं. सर परत परत विचारत होते, "चक्कर येता काय? सोडूया का?" अण्णा पाण्याची बाटली घेऊन नुसते उभे होते. मी माझ्या फेरीत आरामात दुसरी आले होते. मनीने माघार घेतली असती तर संघात मी जाणार, हे सरांना कळत होतं, मला तर आधी कळत होतं. इतक्यात मनी माझ्याकडे बघून म्हणाली, "शुभा, मला मोजताच येत नाही गं. मला वाटायचं, आपल्याला तेवढं तरी येतं."

तिला हरवायचं होतं मला, मान्य. पण तिला हे असं वाटावं, हे माझ्याच्याने बघवेना. तिला हाताला धरून मी कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि एका दमात सांगून टाकलं. "तुझं मोजणं बरोबर आहे. आपल्या झेंड्या चुकीच्या जागी आहेत. इथे पाच मोज. पाच."

"तुला कसं माहीत?"

"मे महिन्यात कळलं. मामाकडे."

मनीने फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आणि आत्ता पण खोटं बोलत असशील तर? पाच म्हणून मी हात लांबवला आणि भिंत आलीच नाही तर?"

"तर हरशील," मी म्हटलं.

अंतिम फेरीत मनी कडेच्या लेनमध्ये होती, मी मधल्या. पाठीवर पोहताना बाकीच्या दिसत नाहीत, वरचं आभाळ तेवढं दिसतं. पण वळताना कडेच्या लेनमध्ये ती भिंतीवरून सुटलेली मला ओझरती दिसली. तिने पाच मोजले होते. शेवटच्या पन्नासात ती कुणालाच सापडली नाही. मनी पहिली, पुण्याची एक मुलगी दुसरी, मी तिसरी, एका हाताच्या फरकाने. सर लहान मुलासारखे नाचत होते. अण्णा गॅलरीतून खाली आले आणि पोरीचे ओले पाय नव्या सदऱ्याने पुसायला लागले. मनी ओरडली, "अण्णा, सदरा! सदरा नवा आहे!" मी कोपऱ्यात उभी राहून टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडले. हरल्याचं रडू होतं. लाजेचंही होतंच.

मुलुंडला मिरवणूक निघाली. बँजो, गुलाल, सगळं. मनीने फेटा बांधून घेतला नाही, म्हणाली, "कान झाकले की मोजता येत नाही." पुढची चार वर्षं तिने गाजवली. राष्ट्रीय स्पर्धेत आधी कांस्य, मग रौप्य, मग दोन वेळा सोनं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तेव्हा इस्त्रीवाल्या भैयाने तो काचेत लावला. हेड क्लार्क असलेले माझे बाबा तिच्या घरी स्वतः पेढे घेऊन गेले, आणि त्यांचा तो पडलेला चेहरा मला परत कधी दिसला नाही.

पुण्याहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मनी सरांना म्हणाली होती, "शुभाला माझ्या बाजूच्या लेनमध्ये टाका. रोज." मला वाटलं, आता ही सूड घेणार. सूड म्हणजे काय, तर रोज संध्याकाळी मला हरवायचं आणि वर म्हणायचं, "काय गं, दमलीस? अजून चार फेऱ्या मार." दोन वर्षांनी मीही महाराष्ट्राच्या संघात गेले. तिच्या मागे दुसरी.

अठरा वर्षांची झाल्यावर मनीला सरकारी खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागली, नागपूरला. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी तलावाच्या कठड्यावर पाय सोडून बसलो होतो. त्या दुपारबद्दल आम्ही चार वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. मीच विषय काढला. म्हटलं, "मने, तू सरांना का नाही सांगितलंस? अण्णांना तरी सांगायचंस. मला चपलेने मारलं असतं तरी मी काही बोलले नसते."

"सांगणार होते. बसमध्ये येताना सगळं ठरवलं होतं," मनी म्हणाली. "मग विचार केला, सर तुला तलावावर पाऊल ठेवू देणार नाहीत."

"बरोबरच होतं की मग."

"काय बरोबर? तू नसतीस तर रोज हरवायचं कोणाला गं मी? त्या पुण्याच्या पोरीला? ती काय रोज मुलुंडला येणार होती?"