ज्याचा त्याचा गंज

अमडापूरच्या आठवडी बाजारात चहा विकणारे ते काका अजून आठवतात. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी त्यांचा चहाचा वेगळा गंज, म्हणजे पातेलं, असे. कोणाचा आल्याचा, कोणाचा दाट दुधाचा, माझा कमी साखरेचा. माणूस दिसला की त्यांचा हात न विचारता त्याच्या गंजाकडे जाई. पण गंज वाढले, चुली वाढल्या, बाकडी मांडवाबाहेर गेली आणि आम्ही उन्हात बसून चहा पिऊ लागलो.

शेवटी मीच वैतागलो. "काका, एकाच गंजात सगळ्यांचा चहा करा. ज्याला आणखी काही हवं, तो मागून घेईल."

"हाव गुरुजी, पाहू करून."

पुढच्या बाजारी बाकडी सावलीत परत आली होती. मोठ्या गंजात गोड चहा उकळत होता, लोक आलं, दूध मागून घेत होते. कडेच्या चुलीवर मात्र एक छोटा गंज होता.

"हा कोणाचा राहिला?"

"तुमचा," फडक्यानं तो उचलत काका म्हणाले. "बाकीच्याइले मांगता येते. तुमी पह्यल्यांदा आले तवा गोड चहा अर्धा ठेवला, पन बोल्ले नाही."

दिवसभर पोरांना 'बोला, बोला' म्हणणारा मी तेव्हाही काही बोललो नाही. कपबशी तेवढी पुढे केली.