अण्णांच्या फोटोपुरती जागा

मोबाईल घेताना मी एकच अट घातली होती, जागा भरपूर पाहिजे. नगरच्या दुकानदारानं दोनशे छप्पन्न जीबीचा डबा पुढं सरकवला आणि म्हणाला, "काका, हा मरेपर्यंत भरायचा नाही." दीड वर्षात भरला. मी अजून आहे.

कशानं भरला ते ऐका. कोल्हारला माझं खता-औषधांचं दुकान आहे. पूर्वी शेतकरी रोग पडलेलं पान तोडून आणायचा. मी बघायचो, औषध द्यायचो, पान रस्त्यावर जायचं. आता पान येत नाही, पानाचे फोटो येतात. एकाच कांद्याच्या पातीचे वरून, खालून, बाजूनं, आणि एक नुसत्या अंगठ्याचा. वर व्हिडिओ, त्यात वाऱ्याचा आवाज आणि "दिसतंय का, दिसतंय का?" त्याशिवाय ग्रुप. गावाचा, भावकीचा, सोयऱ्यांचा, दहावीच्या वर्गाचा. सकाळ झाली की गुलाब. आणि ज्यांनी मला जन्मात कधी ओळख दाखवली नाही, अशा पुढाऱ्यांचे वाढदिवस. मी यातलं काही पुसत नाही. लागेल कधीतरी, हा आमच्या घराण्याचाच रोग. माळ्यावर ठिबकच्या फुटक्या नळ्या आहेत, फोनात हे.

"फोन हाय का उकिरडा?" बायको विचारते.

"तुला नाही कळायचं," मी म्हणतो.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या एका जुन्या मित्राच्या दहाव्याला प्रवरेच्या घाटावर गेले आणि तणतणतच परत आले. टोपी खुंटीला न लावता कॉटवर फेकली.

"फ्लेक्स बघितला का त्याचा? खांद्यावर दुसऱ्याच कुनाचा तरी हात!"

आमच्याकडं माणूस गेला की संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागतो. फोटो मिळेल तिथून कापून काढतात. या म्हाताऱ्याचा कुठल्याशा लग्नातला कापला होता. डोक्यावर फेटा, फेट्यात अक्षता, तोंडात जिलेबी, आणि खांद्यावर मनगटापासून तुटलेला एक हात, बोटात अंगठीसकट. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

"जन्मभर कुनाचा हात खांद्यावर ठिवून घेतला न्हाई त्यानं," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "माझा दाव."

"काय?"

"फोटो. मी मेल्यावर कंचा लावनार?"

"काहीतरीच काय बोलता अण्णा!"

"काहीतरीच न्हाई. येवढा मोठा फोन घेतलाय न्हवं? दाव."

मी मोठ्या फुशारकीनं फोन काढला. हजारो फोटो, त्यात अण्णा नसतील असं कसं होईल? होते की. एका साखरपुड्यात दुसऱ्याच्या डोक्यामागं त्यांचा अर्धा कान होता. गोठ्यात वाकलेली पाठ होती. एकात डोळे मिटलेले, एकात तोंडात भजं. एका लग्नात धाकटा काका शेजारी येऊन उभा राहिला म्हणून यांनी मानच फिरवलेली. हा काका म्हणजे अण्णांचा सख्खा भाऊ. सामाईक विहिरीच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद आहे, इतकी वर्षं की आता विहिरीलाही पाणी नाही. शेवटी एक चांगला समोरून फोटो सापडला, तर तो आधार कार्डावरचा निघाला. त्यात अण्णा नुकतेच चोरीत सापडल्यासारखे दिसतात.

अण्णा एकेक फोटो निरखून बघत होते. मग एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या गॉगलवाल्याचे लई हायेत रं."

"ते नेते आहेत अण्णा. वाढदिवसाचे येतात."

"आस्सं. मला वाटलं तुझा बाप त्योच हाय."

आत बायको खो खो हसली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोटो काढायचा ठरला. अण्णांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, नवी टोपी घातली आणि चुन्याच्या भिंतीपुढं खुर्ची टाकून ताठ बसले. मी बटण दाबलं. फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

मी पुसायला बसलो. कांद्याची पात पुसावी तर तो शेतकरी उद्या विचारणार. गुलाब पुसावेत तर ते मावशीनं पाठवलेले. ऊन सरकत सरकत अण्णांच्या नाकावर आलं.

"झालं का?"

"थांबा अण्णा, जागा करतोय."

"अरं, एका मानसाला बसायचंय. मांडव घालायचा न्हाई."

शेवटी बायकोनं फोन हिसकावला आणि मागचापुढचा विचार न करता गुलाबांचा अख्खा ढीग पुसून टाकला. मग फोटो निघाला. आणि काय सांगू, असा फोटो मी जन्मात काढला नव्हता. अण्णांनी फोन हात लांब करून धरला, बराच वेळ बघितला.

"हां," ते म्हणाले. "ह्यो मी."

मला इतका आनंद झाला की तो फोटो मी तिथल्या तिथं सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचे अण्णा', पुढं दोन हात जोडले, आणि दुकानावर गेलो.

आता आमच्या ग्रुपची रीत अशी की फोटो बघायचा, विचारायचं काही नाही. देवळाली प्रवरेला माझा एक मावसभाऊ आहे. पहाटेचा पहिला गुलाब त्याचाच, आणि पहिली श्रद्धांजलीही त्याचीच. त्यानं पांढरी टोपी बघितली, पांढरी भिंत बघितली, जोडलेले हात बघितले, आणि लिहून टाकलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. झालं! त्याच्यामागं सगळ्यांनी रांग लावली, आणि तिथून ते भावकीच्या आणि गावाच्या ग्रुपवरही पोचलं.

मला यातलं काही कळलं नाही. बायकोनं केलेल्या जागेत दिवसभराचे गुलाब आणि पाती येऊन बसल्या होत्या आणि फोन काळा पडून बंद झाला होता. बायकोचा आत चार्जिंगला, आवाज बंद. घरात चालू फोन एकच, अण्णांच्या खिशातला बटणांचा. पण माणसाला फोन लावून, तुम्ही गेलात का, असं कोण विचारणार?

दुपारी शेजारचा दुकानदार आला. त्यानं माझं शटर अर्धं खाली ओढलं.

"वाईट झालं. अण्णा गेले ना?"

"कोण म्हणतं?"

"ग्रुपवर आलंय."

आणि मी विश्वास ठेवला! सकाळी ज्यांचा फोटो मी काढला ते माझे वडील गेले, हे मला ग्रुपवरून कळतंय, एवढंच डोक्यात आलं. गाडीची किल्ली सापडेना. तसाच पळत सुटलो. पन्नाशीचा माणूस भर रस्त्यानं रडत पळतोय, आणि दोन्ही बाजूंनी लोक हात जोडतायत. सकाळी तर म्हणाले होते, ह्यो मी.

अंगणात अण्णा त्याच खुर्चीत बसले होते. हातात चहाची बशी. नेवाशाला दिलेली माझी धाकटी बहीण त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती आणि अण्णा तिच्या पाठीवर हात फिरवत होते. "अगं, मी हाय की. हाय मी."

 बहिणीनं डोळे पुसले आणि मला धरलं. "दादा, तुला अक्कल हाय का? मेल्या मानसासारखा फोटो टाकतंय का कुनी?"

फोन कसाबसा चालू झाला तेव्हा अण्णा म्हणाले, "वाच. काय काय म्हनत्यात बघू."

मी वाचत गेलो. आधारवड हरपला. पंचक्रोशी पोरकी झाली. अण्णा बशीतला चहा फुरकत मजेत ऐकत होते. "ह्याच्या लग्नात मला पंगतीतनं उठवलं हुतं," असं मध्येच म्हणत होते. मग धाकट्या काकाचा मेसेज आला. त्यानं कुणाची नक्कल केली नव्हती. लिहिलं होतं, 'लहानपणी मला पाठीवर घेऊन नदी पार करायचा. माझा दादा गेला.'

अण्णांनी बशी खाली ठेवली.

"परत वाच."

मी परत वाचलं. तेवढ्यात फोननं पुन्हा सांगितलं, जागा संपत आली. जिवंत माणसाच्या श्रद्धांजल्या, अभद्र नुसत्या. आधी त्याच पुसाव्यात म्हणून मी बोट लावलं, तर अण्णांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे त्या. खरंच जाईन तवा वाचायला मी नसनार."

 मी गॉगलवाला पुसला. सगळे वाढदिवस पुसले, पाती पुसल्या, अंगठाही पुसला.

अण्णांनी खिशातून बटणांचा फोन काढून माझ्यापुढं धरला. "त्याचा नंबर लावून दे."

मी काकाचा नंबर लावून दिला. पलीकडून फोन उचलला गेला. अण्णांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. मग म्हणाले,

"जेवलास का रं?"