काकांच्या क्लबची गोष्ट

मी बोलत होते आणि काकांचा हात वर झाला. बाळ कडेवर, त्यांची मुलगी रोझा समोर डोळे पुसतेय, आणि काका पलंगावरून तो एकच चालणारा हात हलवतायत — नाही, नाही, असा. रोझाला वाटलं, त्यांना आनंद झाला. मला कळलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही. तुला सांगते.

काका म्हणजे आमचे घरमालक, इटलीचे. इथे परदेशात, श्रूजबरीत, आम्ही वर राहतो, ते खाली. मी त्यांना काका म्हणायचे, तर ते मलाच उलट 'काका' म्हणून हसायचे. हे ऑफिसला गेले की घर खायला उठायचं, मग मी बाळाला घेऊन खाली जायचे. बाहेर बर्फ, आत हीटरची ऊब, बाळ मांडीवर झोपलेलं — आणि काका त्यांच्या गावच्या फुटबॉल क्लबची गोष्ट सांगायचे. पार पहिल्यापासून. क्लब कुणी काढला, लढाईत कसा बंद पडला, परत कसा उभा राहिला. त्यांचा मोठा भाऊ गोलकीपर होता. एवढंच कळायचं. मी नववीत शाळा सोडलेली, आणि त्यांचं इंग्रजी अर्धं इटालियन.

पण आपल्याकडे मोठं माणूस गोष्ट सांगताना कुणीतरी हुंकार द्यायचा असतो ना? मी दिला. हं... हं... पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं, काका, नाही समजत. मग रोज ते जास्तच अवघड होत गेलं. आणि खरं सांगू? मला समजून घ्यायचंही नव्हतं. त्या आवाजात उघड्या डोळ्यांनी झोप यायची. मला आपलं माझंच दिसायचं — डोंगरउतारावरचं मैदान, धुकं, लाल शर्टातली पोरं, बॉल वर ढगात गेलेला, खाली येतच नाही. एका जागी काका नेहमी रडायचे. तिथेही मी हं म्हटलं. का रडता, एवढं तरी विचारायला काय झालं होतं मला?

"रोझाला टाइम नाही," ते म्हणायचे. "तू ठेव लक्षात."

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. रोझा इथे राहायला आली. क्लबवाले जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करत होते. ती मला म्हणाली, "डॅडने फक्त तुलाच सगळं सांगितलंय." काय सांगू, मी ऐकलंच नाही म्हणून?

मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी माझं धुकं सांगितलं. शेवटची मॅच, भावाने अडवलेला बॉल, त्याला खांद्यावर घेऊन नाचणारं गाव. बोलता बोलता मलाच ते खरं वाटायला लागलं. तेव्हा तो हात वर झाला.

तिथे तरी थांबायचं ना मी? नाही थांबले. बाळाला घट्ट धरलं आणि म्हटलं — त्या दिवशी काका खूप हसले होते.

रोझाने ते क्लबला पाठवलं. त्यांनी छापलं. आता ती रोज संध्याकाळी काकांना ते वाचून दाखवते, हळू, प्रेमाने. तू काय केलं असतंस, हे मी नाही विचारत.

काल वरण-भात घेऊन खाली गेले, तर तिचं वाचन चालूच होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाळाचं टोपडं नीट करत उभी राहिले.