सगुणाबाईंची तारीख

रविवारची उपासना आटोपून, चार घास खाऊन शांतवन गुरुजी खाटेवर आडवे होतात. स्वयंपाकघरात सून भांडी घासते आहे. तो आवाज अर्धा कानात येतो, अर्धा उंबऱ्याबाहेरच राहतो. डोळा लागतो न लागतो तोच पायाशी सगुणाबाई बसलेल्या दिसतात.

सगुणाबाईंना मातीत ठेवून आज अठरा दिवस झालेत.

केरसुण्या बांधून बाजारात विकणारी बाई. अक्षरओळख नाही, म्हणून मोठ्यांच्या वर्गाऐवजी गुरुजींच्या संडेस्कूलमध्ये पोरांच्या रांगेत मांडी घालून बसायची. पोरांच्या आधी तिचा हात वर. तिने बाप्तिस्मा मागितला तेव्हा मंडळीच्या रिवाजाप्रमाणे वडीलमंडळापुढे, म्हणजे गुरुजींसारख्या मंडळीतल्या जाणत्यांपुढे, तिची साक्ष झाली. गुरुजींनीच विचारलं, "बाई, तुम्ही विश्वास धरलात, तुमचा नवा जन्म झाला, तो दिवस कोणता?"

"शिंदीच्या पाती एकेक करून बांधते, गुरुजी," बाई म्हणाल्या. "कोणत्या पातीला केरसुणी झाली, ते मला कधी कळलं नाही."

गुरुजींनी कागदावर लिहिलं, 'तयारी अपुरी. इस्टरला पाहू.' इस्टर यायच्या आधी ताप आला.

"सलाम, गुरुजी," पायाशी बसलेल्या बाई आता म्हणतात. "आज किती पोरं आली?"

"एकवीस."

"माझ्या जागी कोण बसलं?"

"कुणी नाही."

"बसवा की कुणाला. मेलेल्या माणसाची जागा अडवून काय लोणचं घालायचंय?"

गुरुजी हसत नाहीत. खाट आता चर्चमधला बाक आहे. प्रवचनाच्या पुलपिटाखालच्या फळ्या उचललेल्या आहेत, खाली बाप्तिस्म्याचा हौद कडेपर्यंत भरला आहे, आणि छपराच्या जागी बाजाराचं आभाळ आहे.

"बाई, मला एकच सांगा. तुमचं तारण झालंय ना?"

"तुम्हीच सांगा. बाप्तिस्म्यानं तारण होतं का?"

"नाही."

"मग कशानं?"

"कृपेनं. विश्वासाच्या द्वारे. कर्मांनी नव्हे." गुरुजी हाताची घडी घालून, पोरासारखं एका दमात म्हणतात.

"पाठ आहे की. मग घाबरता कशाला?"

पाठ आहे, तेच तर भय आहे. चाळीस वर्षं पोरांच्या तोंडी घातलेलं हे उत्तर या एका बाईपाशी येऊन अडतं. "तुमचा विश्वास होता का, बाई? कधी धरलात? मला तो दिवस सांगा, मी हात जोडतो."

"अजून तारीखच. तुमची सांगा आधी."

"बारा मे. संमेलनाचा तंबू. विश्वास धरणाऱ्यांना पुढे बोलावलं, मी पुढे गेलो आणि..."

गुरुजी आठवू पाहतात. तंबू दिसतो, सतरंजी दिसते. थोरला भाऊ उठून पुढे गेला म्हणून मागोमाग उठलेला एक पोरगा दिसतो. त्या पोराच्या आत काय झालं होतं? साक्षीत दरवेळी सांगितलेला तो उजेड गुरुजी शोधतात. सतरंजीच सापडते.

"मला आठवत नाही," ते म्हणतात. जन्मात पहिल्यांदा.

"मग तुम्हाला कसं नाही कुणी थांबवून ठेवलं?"

बाई हौदाच्या काठावर उभ्या आहेत. अंगावर बाप्तिस्म्याचं पांढरं लुगडं नाही, कामाचंच आहे, पदराला शिंदीचा भुसा.

"उतरा, बाई. मी घालतो बाप्तिस्मा. पाळकसाहेबांना मी सांगेन, मंडळीला मी सांगेन."

"मेलेल्यांना देतात का?"

"नाही देत. पण उतरा."

"आता नको, गुरुजी. हे पाणी जित्यांसाठी." बाईंचा आवाज चढत नाही. "महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली यायची. बाप्तिस्मा नाही म्हणून मी न घेता पुढच्याला द्यायची. पोरं बघायची. एकीनं विचारलं, मावशी, तुला भूक नाही का? तेव्हा हवा होता."

"चुकलो मी. एकदा उतरा."

"ते तुम्ही मला नाही, स्वतःला सोडवायला म्हणताय."

गुरुजी त्यांचं मनगट धरतात आणि ओढतात. मनगट हातातून जातं, सुकल्या पातीसारखं. तोल जातो तो त्यांचाच. पाणी डोक्यावरून जातं, कानात भरतं, वरचं आभाळ हिरवं होतं. ते तळाशी हात फिरवत राहतात. बाई, सांगा. आहात ना? तळ लागत नाही.

"पप्पा! उठा, चहा झाला. केव्हापासून कुणाला हाका मारताय?"

सून दारात उभी आहे. बाहेर ऊन उतरलं आहे. गुरुजी उठून बसतात. सगळे आवाज लांबून आल्यासारखे येतात, उजवा कान गच्च बसला आहे. ते मान कलती करतात. कानातून काहीतरी सुटतं, गालावरून घरंगळत तळहातावर येतं. कोमट पाणी, चमचाभर.

"रडलात का?" सून जवळ येते.

गुरुजी डोळ्यांना बोट लावून पाहतात. डोळे कोरडे ठणठणीत आहेत.

ती पुसायला पदर पुढे करते. गुरुजी हात मागे घेतात.