पिस्तुलातला तांदळाचा दाणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुग्धाला, म्हणजे माझ्या बायकोला, नाही. पुण्यातल्या बहिणीला नाही. क्लबातल्या कुणाला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर मी एखादं गोड कारण पुढे करून मोकळा झालो असतो — त्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही.

मी न्यूझीलंडमध्ये राहतो, हॅमिल्टनला. नोकरी 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका कारखान्यात. तिथली मशिनं चालती ठेवणं हे माझं काम. आणि शनिवारी सकाळी मी पिस्तूल क्लबात जातो — म्हणजे जायचो. हसू नका. मुग्धाही हसली होती. म्हणाली, "घरात उंदीर मेला तर तुला जेवण जात नाही, आणि तू पिस्तूल चालवणार?" पण इथे तो नुसता कागदावर नेम धरण्याचा खेळ. कित्येक महिने शिकायचं, पोलीस घरी येऊन तिजोरी बघून जातात, तेव्हा कुठे परवाना मिळतो. आणि रेंजबाहेर ते चालवायचंच नाही. मला नेमाबिमाचं फारसं काही नव्हतं. थर्मास घेऊन येणारी ती पांढऱ्या केसांची मंडळी मला 'मेट', म्हणजे दोस्ता, म्हणायची, बसायला खुर्ची सरकवायची. कारखान्यात इतकी वर्षं काढून तसं मला कुणी म्हटलं नव्हतं. ते आवडायचं मला. फार आवडायचं.

तर मी नवं कोरं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतलं. आणि क्लबात पहिलाच प्रश्न काय? 'ट्रिगर फॅक्टरीचाच ठेवलायस?' जसं काही मी नव्या घरात बिल्डरचेच पडदे लावून राहतोय. सगळेच बदलतात म्हणे. फॅक्टरीचा ट्रिगर जड असतो, खेचताना खरखरतो, नेम हलतो. रेंज सांभाळणारा मरे — निवृत्त सुतार, माझ्या परवान्यासाठी ज्याने शब्द टाकला तो — एवढंच म्हणाला, की खुशाल बदल, पण गोळी भरायच्या आधी एकदा मला दाखव. मी इथल्या लोकांसारखं 'स्वीट ॲज', म्हणजे चालेल की, म्हटलं. मनात मात्र म्हटलं, मी इंजिनिअर माणूस, ह्याला काय दाखवायचं?

त्या दिवसांत बाबा आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बाबांचा जन्म भोसरीच्या एका टूलरूममध्ये गेला. इथे त्यांना करायला काही नव्हतं. सकाळी चालून यायचे, इराला — माझ्या मुलीला — शाळेत सोडायचे, तिच्या इंग्रजीला मराठीत उत्तरं द्यायचे, आणि मग खिडकीशी बसायचे. मी गॅरेजमध्ये पिस्तूल उघडून बसलो तेव्हा ते इतके खूश झाले! बॅटरी धरून उभे राहिले. मी नवी हलकी स्प्रिंग बसवली, नवे पार्ट बसवले, आणि एका पार्टचा कोपरा जरासा घासला. तो घासायला कुणी सांगितलं नव्हतं. उलट घासू नका असंच पाकिटावर लिहिलेलं होतं. पण कसा गुळगुळीत झाला, बघा! बाबा वाकून बघत होते. म्हणाले, "हात आहे रे तुला."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. मी इंजिनिअर झालो तेव्हा म्हणाले नव्हते, परदेशी आलो तेव्हा म्हणाले नव्हते.

मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच रिकामं पिस्तूल चालवून बघत होतो. स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली, पुढे सोडली, आणि ट्रिगरला बोटही लावलेलं नसताना आत 'टक' असा आवाज झाला. म्हणजे गोळी असती तर सुटली असती. मी थांबलो. पुन्हा केलं — नाही झालं. पुन्हा केलं — नाही. कारखान्यात एखादं मशीन एकदा जरी असं वागलं, तरी मी त्याला लाल टॅग लावून बंद करतो. वर नव्या पोरांना भाषण देतो, की एकदा झालं म्हणजे झालंच. आणि इथे? इथे मी ते पुसून तिजोरीत ठेवलं. जुने पार्ट परत घालायचे म्हणजे बाबांना सांगावं लागलं असतं, की हात चुकला.

मला माहीत होतं. हे वाक्य मी अजून मोठ्याने कधी म्हटलेलं नाही. मला माहीत होतं.

मग खंडेनवमी आली. बाबांनी टूलरूममध्ये सगळी वर्षं त्या दिवशी हत्यारांची पूजा केलेली, त्यांना ती चुकवणं शक्यच नव्हतं. ऑकलंडकडे पापाटोएटोला, आपल्या लोकांच्या दुकानांत जाऊन आम्ही हळद-कुंकू, नारळ आणला. झेंडू काही मिळाला नाही. शेजारच्या बाईंनी त्यांच्या कोफाईच्या झाडाची पिवळी फुलं ओंजळभर दिली. बाबांनी गॅरेजमध्ये पाट मांडला. त्यावर माझे पाने, स्क्रूड्रायव्हर, ड्रिल, इराच्या क्राफ्टची कात्रीसुद्धा. मग म्हणाले, "ते पण आण. तेही हत्यारच."

मी आणलं. रिकामं आहे हे दिसावं म्हणून स्लाईड मागे अडकवून, उघडंच पाटावर ठेवलं. बाबांनी कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, इराला नमस्कार करायला लावला. ती म्हणाली, "आबा, इज इट द गन्स बर्थडे?" सगळे हसलो. मीही अक्षता वाहिल्या. खरं तर ते उघडं ठेवलं मी, आणि दसरा झाल्यावर घाईघाईत वरवर पुसलं तेही मीच.

शनिवारी बाबा हौसेने रेंजवर आले. स्वेटर, कानटोपी, कानांवर क्लबाचे ते मोठे हेडफोन. मागच्या बाकावर बसले आणि मी आत गेल्यावर मला हात केला. मरे दुसऱ्या टोकाला होता. त्याला पिस्तूल दाखवायचं राहिलं. राहिलं कसलं — दाखवलं नाही.

मी गोळ्यांचं मॅगझिन घातलं, स्लाईड सोडली, आणि पिस्तूल उडालं. माझं बोट ट्रिगरजवळही नव्हतं. नेम धरायच्या आधीच उडालं. गोळी नेम धरायच्या दोन जागांमधल्या लाकडी खांबात घुसली. खांबाच्या पलीकडे क्लबातलाच रॉस उभा होता, त्याच्या दंडापासून वीतभर अंतरावर. त्याच्या बाहीवर लाकडाचा भुसा उडाला. तो तिकडे बघत राहिला.

मरेने सगळ्यांना थांबवलं. माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, रिकामं केलं, टेबलावर नेऊन उघडलं. आणि त्याच्या बोटाला लाल लागलं. मग त्याने चिमट्याने आतून काहीतरी काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला.

"हे काय आहे, मेट?" त्याने विचारलं.

इथेच. याच जागी मी परत परत येतो. तांदळाच्या दाण्याने असं होत नाही. तो दाणा जिथे होता तिथे आणखी चार असते तरी काही बिघडलं नसतं. मरेला नवे पार्ट दिसले नव्हते, तो दाणा बघूनच थांबला होता. मी एक वाक्य बोललो असतो तर त्याने आणखी खोल बघितलं असतं. कदाचित माझा परवाना गेला असता. कदाचित नसताही. ते लोक वाईट नव्हते हो. मी खरं बोललो असतो तर त्यांनी मला चार शब्द सुनावले असते आणि नंतर चहाही दिला असता.

मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी त्याची पूजा केली. घरची रीत आहे आमच्या. त्यानेच झालं असणार."

वडाची साल पिंपळाला लावणं आपण म्हणतो ना, ते इतकं सोपं असतं. एवढंसं वाक्य लागतं.

बाबा तोवर उठून जवळ आले होते. "काय झालं रे मिलिंद?" मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "अक्षता आत गेली, बाबा. त्यामुळे उडालं." त्यांचा चेहरा — नको. तो मी सांगू शकत नाही. त्यांनी कानटोपी काढली. कुणीही सांगितलेलं नसताना रॉससमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. "सॉरी सर. माय मिस्टेक. आय डिड पूजा." रॉस गोंधळला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "नो वरीज, ऑल गुड" म्हणत राहिला. आणि बाबा परत तेच, "माय मिस्टेक, सर." बाबांना माझ्यावर शंका आली असेल का? पार्ट बदलताना तर तेच बॅटरी धरून उभे होते. पण नाही. त्यांना माझ्या हाताची खात्री होती.

मी बाजूला उभा होतो. माझ्या बापाने माझ्यासाठी हात जोडले, आणि मी तिथे उभा राहून ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप फॅक्टरीचे पार्ट परत घातले. नवे कामावरच्या कचऱ्यात टाकले. पुढच्या शनिवारी पिस्तूल अगदी शहाण्यासारखं चाललं आणि मरे म्हणाला, बघ, नुसतं साफ करायचं होतं. मुग्धा बाबांना हळूच म्हणाली, "बाबा, इथे असलं नाही हो चालत." ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

त्यानंतर बाबांनी माझ्या घरातल्या कुठल्याच हत्याराला हात लावला नाही. गॅरेजमध्ये आले तर हात पाठीमागे धरून उभे राहायचे. इराच्या स्कूटरचं चाक सैल झालं, ती स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्याकडे गेली — "आबा, कॅन यू फिक्स इट?" ज्या माणसाने आयुष्यभर केसाइतक्या फरकाची मापं जुळवली, तो आपल्या नातीला म्हणाला, "बाबाला सांग, बाळा. मी हात लावला की काहीतरी होतं." मी स्वयंपाकघरात होतो. ऐकलं. बाहेर आलो, आणि चाक बसवून दिलं. बस्स, एवढंच केलं.

व्हिसा शिल्लक असतानाच ते परत गेले. विमानतळावर सांगू, असं ठरवलं होतं. नाही सांगितलं. फोनवर सांगू म्हटलं. मग म्हटलं, पुढच्या भेटीत, समोर बसून. मला वाटत होतं, वेळ आहे.

आता बाबा बहिणीकडे असतात आणि विसरायला लागलेत. आधी नावं विसरले, मग रस्ते. आई गेली हे विसरतात आणि तिच्या चहाची वाट बघत बसतात. टूलरूम गेली. इराचा फोटो दाखवला तर "कुणाची रे ही? गोड आहे" म्हणतात. एकदा पुण्याला गेलो तेव्हा धीर करून मी त्यांना सगळं सांगायला बसलो होतो. पहिलं वाक्य बोललो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बँकेतला कुणी माणूस समोर बसलाय. मी विषय बदलला. आता मी सांगितलं तरी ते कुठे पोचणार? कुणाजवळ पोचणार?

सगळं गेलं. एक मात्र गेलेलं नाही. ते का राहिलं, ते डॉक्टरला विचारायची माझी हिंमत नाही.

दर रविवारी बहीण व्हिडिओ कॉल लावून देते. बाबा स्क्रीनकडे बघतात, मला ओळखतात की नाही कळत नाही. मग मध्येच त्यांचे हात जुळतात. घाबरून, अगदी हळू विचारतात, "त्या साहेबाला लागलं नाही ना रे? मी उगाच हात लावला."

मी म्हणतो, "नाही, बाबा. कुणाला लागलं नाही. असू दे."

दर रविवारी मी त्यांना माफ करतो.