नुसती सूज आहे

आझुमिनोतल्या वासाबी या झणझणीत हिरव्या कंदाच्या वाफ्यांतून डोंगरावरचं बर्फाचं पाणी बारा महिने वाहत असतं. तोकुजी मोमोसे उभा जन्म त्या पाण्यात गुडघाभर बूट घालून वावरला. माणूस तसा घुमा. खोटं बोलण्यात तर साफ कच्चा. पण एक मोठं खोटं त्यालाही निभवावं लागलं होतं, आणि तेही बायकोशी. फुसाएला पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे त्याला एकट्याला आत बोलावलं. बाहेर येऊन त्याने तिला सांगितलं, अल्सर आहे. त्या काळी सगळेच असं करत. आजाऱ्याला खरं सांगणारा गावात निर्दयी ठरला असता. त्यामुळे नवराबायको शेवटपर्यंत पुढच्या वसंतात कुठल्या गरम झऱ्यावर जायचं हेच ठरवत बसले आणि निरोप घ्यायचा राहून गेला.

तिच्यामागे त्याला सगळ्यात जड जाई ती दुपार. बांधावर डबा उघडला की मुळ्याचं लोणचं तिच्या बाजूला सरकवायला हात आपोआप पुढे होई. लोक म्हणत, काळ गेला की माणूस सावरतो. लोकांचं काय जातंय बोलायला.

मग सत्तरीत तो पिवळा पडला. डोळे हळदीसारखे झाले, अंगाला खाज सुटली, जेवण जाईना, जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी फुगल्या. शेजाऱ्यांनी गालात तांदळाचे मोची-लाडू भरून हिंडतोस का म्हणून चेष्टाही करून घेतली. गावातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, स्वादुपिंड सुजलेलं पाहिलं आणि तोकुजीला बाहेर बसवून त्याच्या मुलीला, कियोमीला, आत बोलावलं. ती बाहेर आली ती तोंड धुऊन.

"नुसती सूज आहे, बाबा," ती म्हणाली.

तो काय समजायचं ते समजला. आणि आडपडदा कशाला ठेवायचा, त्याला बरं वाटलं. भीती वाटली नाही असं नाही, पण त्याहून जास्त वाटली ती ओढ. आता भेट होणार. फुसाएला काय काय सांगायचं याची तो वाफ्यात उभ्या उभ्या जुळवाजुळव करू लागला: अंगणातलं पर्सिमनचं झाड पाडावं लागलं, कियोमी नवऱ्याला सोडून घरी परत आली. पण या सगळ्याआधी एक गोष्ट सांगायची होती, आणि तीच त्याने इतकी वर्षं मनात दाबून ठेवली होती.

मात्सुमोतोच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर ओगिवारांनी रक्त तपासलं, सुईने स्वादुपिंडाचा कण काढला आणि या खेपेला बापलेकीला दोघांनाही समोर बसवलं. म्हणाले, कॅन्सर नाही. शरीराची राखण करणारी फौजच बिथरली आहे आणि स्वादुपिंडाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडली आहे. जबड्याच्या गाठीही त्याच दुखण्याच्या. रक्तातलं एक प्रथिन भलतंच वाढलंय, आणि काढलेल्या कणात कॅन्सरच्या पेशी नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हे उतरतं. कियोमी तिथेच हुंदके देऊन रडली.

"बाबा, खरंच नुसती सूज आहे हो."

तोकुजीला पोरीचं कौतुक वाटलं. काय बेमालूम वठवतेय! आपल्याला हे असं जमलं नव्हतं.

घरी तिच्यासमोर तो गोळी तोंडात टाकी आणि वाफ्यावर गेला की थुंकून पाण्यात सोडून देई. पुढच्या तपासणीला पिवळेपणा उलट वाढलेला दिसला. डॉक्टर बुचकळ्यात पडले. कियोमीने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने शांतपणे सांगून टाकलं.

"तुझ्या आईलाही गोळ्याच द्यायचे. जीवनसत्त्वाच्या. त्या आणून द्यायला मीच जायचो."

कियोमीने काही लपवून ठेवलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला होता, तेव्हा मी तुमच्याशी खोटंच बोलले, म्हणाली. आणि तेच खोटं इथे येऊन खरं निघालं, त्याला मी काय करू? तोकुजीने त्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? वाक्य तर तेच होतं.

ओगिवारा रागावले नाहीत. खुर्ची जवळ ओढून ते बसले.

"मोमोसे-सान, या गोळीने कॅन्सरची कावीळ उतरत नाही. मी खोटं बोलत असेन तर तुम्ही पिवळेच राहाल. माझ्यावर भरवसा ठेवू नका. गोळी गिळा आणि रोज आरशात बघा."

डॉक्टरांना खोटं पाडायचं म्हणून त्याने गोळ्या गिळायला सुरुवात केली. आधी खाज गेली. मग भूक अशी खवळली की तो कियोमीकडे भाताचा तिसरा वाडगा मागू लागला. आणि एका सकाळी दाढी करताना त्याला आरशात आपले डोळे दिसले. पांढरे. वस्तरा धरून तो तसाच उभा राहिला. बरा होऊनही असा चेहरा पडलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. नव्या सोनोग्राफीत मुळ्यासारखं फुगलेलं स्वादुपिंड ओसरलेलं दिसलं. गोळ्या हळूहळू कमी करू, मात्र एकदम सोडायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. कियोमीने आनंदाने शुभप्रसंगी करतात तो लाल भात शिजवला. तो एका वाडग्यावरच उठला.

आजवर त्याला बाकी सगळं सोसवलं होतं, पण दारापर्यंत नेऊन असं परत पाठवणं त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा पहिला भात त्याने पितरांच्या देव्हाऱ्यात फुसाएच्या फोटोपुढे ठेवला, पण हात जोडून उठला मात्र नाही. कियोमी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"फुसाए, मला यायला उशीर होणार आहे," तो म्हणाला. "भेटल्यावर समोरासमोर सांगेन म्हणून ठेवलं होतं. तुला अल्सर नव्हता. कॅन्सर होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

आणि फोटोकडे बघत, ती काहीतरी बोलेल म्हणून, तो बसून राहिला.