सातव्या खात्यातले चाळीस निरोप

पाळण्यांच्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणायचे. अकरा वर्षं तिने पॅकिंगमध्ये काढली होती. कंबर धरली तेव्हा तिला वर ऑफिसात बसवलं आणि कुणालाच नको असलेलं एक काम तिच्या गळ्यात मारलं. कंपनीच्या नावाने सोशल मीडियावर जागोजागी खाती उघडलेली होती. ती शोधायची, पासवर्ड गोळा करायचे, कामाची ठेवायची, बाकीची बंद करायची.

"मावशी आता रील करणार!" सेल्सची मंडळी हसली. मावशीने मनावर घेतलं नाही. दोन रविवार भाचीसमोर बसून शिकली, वहीत यादी केली. सहा खाती मार्गी लागली. सातवं एका जुन्या विक्रेत्याने उघडून वाऱ्यावर सोडलेलं. त्याच्यामागे हात धुऊन लागली तेव्हा कुठे बुधवारी सकाळी पासवर्ड मिळाला.

आत चाळीस जणांचे निरोप न वाचता पडले होते. सगळ्यात वरचा वीस मिनिटांपूर्वीचा. 'पाळण्याची बाजू आज परत निसटली. दोरीने बांधून बाळाला झोपवलंय. कुणी उत्तर देता का?'

सोबतचा फोटो मावशीने मोठा केला. बाजू अडकवायची खिट्टी प्लास्टिकची होती. तिच्या वेळी लोखंडाची असायची.

'बाळाला आधी उचला,' तिने लिहिलं. वाचल्याची खूण उमटेना. त्याच बाईच्या आधीच्या निरोपात फोन नंबर सापडला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तेच.

तेवढ्यात मॅनेजर डोकावले. "ते सातवं अजून उडवलं नाही?"

"साहेब, खिट्ट्या निसटतायत. लोक लिहून लिहून थकलेत."

"लेखी काही देऊ नका हं. कंपनी गोत्यात येईल."

"दिलंय मघाशीच," म्हणत तिने तिसऱ्यांदा फोन लावला.

"कोण?" पलीकडून दबका आवाज आला.

"पाळण्याच्या कंपनीतून बोलतेय. बाळाला उचला, मग बोलू."

पावलं वाजली. मग झोपमोड झालेल्या बाळाने भोकाड पसरलं.

"उचललं," बाई म्हणाली. "अहो, गाठ सुटतच आली होती."

मावशीने फोन ठेवला आणि चालू असलेल्या सगळ्या खात्यांवर टाकलं, 'आमचा पाळणा तूर्त वापरू नका.'

"कुणाला विचारून?" मॅनेजर ओरडले.

"कुणालाच नाही," ती म्हणाली.

दुपारी मालकीणबाईंनी बोलावलं. मावशीने गोदामातला एक पाळणा त्यांच्यापुढे उभा केला. मालकीणबाईंनी खिट्टी स्वतः दाबून पाहिली. तिसऱ्या दाबाला ती तुटली. त्याच आठवड्यात विक्री थांबली, पाळणे परत घेणं सुरू झालं. मॅनेजर महिनाभर मावशीशी बोलले नाहीत.

उरलेल्या एकोणचाळीस जणांना उत्तरं द्यायला तिला नऊ दिवस लागले. त्यातल्या एका बाळाचा हात मोडला होता. त्याच्या आईला मावशीने लिहिलं नाही, फोन केला. ती आई खूप वेळ, तोंडाला येईल ते बोलली. मावशी ऐकून घेत राहिली.